जुनी हत्यारं आणि पेट्या जमवताना: आधी काय, मग काय, आणि ग्राइंडर का नको

महिन्यातून दोन-तीन जण तरी मला फोटो पाठवतात. फोटोत रंधा असतो, आरशासारखा चकचकीत, आणि खाली प्रश्न असतो, दादा हा कोणत्या कंपनीचा आणि किती जुना असेल? आता ते मी कुठून सांगू, कंपनीचं नाव तर तुम्हीच वायर ब्रशने घासून मोरीत सोडलंत.

जुन्या हत्याराच्या दोन गोष्टी एकदा गेल्या की परत येत नाहीत. एक ठसा आणि दुसरं पाणी. ठसा म्हणजे बनवणाऱ्याचं नाव, नंबर, आधीच्या मालकाने पोगराने (टोकदार ठोकणीने) ठोकलेली अक्षरं. आणि पाणी म्हणजे पोलादाला तापवून दिलेलं पाणी, ज्याच्यामुळे धार टिकते. बाकी गंज निघतो, दांडा नवा बसतो, पेटीची बिजागरी मिळते, सगळं होतं. खालच्या पायऱ्यांचा क्रम या दोन गोष्टी वाचवण्यासाठीच लावलाय, त्यामुळे क्रम मोडू नका, एवढंच सांगणं आहे. मी स्वतः पहिल्याच वर्षी अमळनेरकडून आणलेली एक जाड पटाशी (सुताराची छिन्नी) बेंच ग्राइंडरला लावली, टोक निळं पडलं, आणि मला वाटलं काय मस्त रंग आलाय. पाणी उतरलं होतं. ती पटाशी आता रंगाच्या डब्याची झाकणं उघडायला आहे.

तयारी: थैलीत काय हवं

बाजारात किंवा कुणाच्या घरी बघायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. माझ्या थैलीत असतं ते असं: छोटा टॉर्च (मोबाईलचा चालतो, पण मग एक हात त्यातच अडकतो), लोहचुंबक, एक नवी बारीक त्रिकोणी कानस, स्टीलची पट्टी, खडू, औषधाच्या बाटलीत थोडं डिझेल, जुन्या बनियनचा कपडा, पातळ कागद, पेन्सिल आणि सुटे पैसे. पाचशेच्या नोटा काढून घासाघीस करणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

पायरी १: कुठे जायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, कधी

खानदेशात चांगली हत्यारं तीन ठिकाणांहून निघतात. पहिलं भुसावळ, कारण रेल्वे, आणि रिटायर्ड फिटर लोकांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली हत्यारं आयुष्यभर सांभाळलेली असतात. दुसरं म्हणजे कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगवाली गावं, जळगाव, धरणगाव, अमळनेर, चोपडा, तिथल्या जुन्या मेकॅनिकांच्या लोखंडी पेट्या. तिसरं गावोगावचे सुतार आणि लोहार. भंगारवाला मी मुद्दाम मोजत नाही, कारण त्याच्याकडे माल येतो तेव्हा पेटी वेगळी, हत्यार वेगळं, स्क्रू वेगळा झालेला असतो. पण त्याच्याशी ओळख ठेवा, पेटी फोडायच्या आधी फोन कर म्हणावं. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, तिकडे गेलात तर नालबंदाची हत्यारं बघायला मिळतात, तो वेगळाच छंद आहे.

वेळेचं बघा. सुताराकडे अमावस्येला जा, बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी काम बंद असतं आणि माणूस निवांत बोलतो. लोहाराकडे मृगाच्या आधी अजिबात नको, वखराच्या पासा पाजवायला शेतकऱ्यांची रांग लागलेली असते आणि तुम्ही मधेच ऐरणीचं वय विचारणार. खंडेनवमी-दसऱ्याच्या आठवड्यात तर विषयच काढू नका. ज्या हत्याराला काल हळदकुंकू वाहिलं ते आज विकता का म्हणून विचारायचं नसतं.

पारोळ्याच्या बाजूच्या एका खेड्यात मी एका म्हाताऱ्या सुतारबाबांकडे गेलो होतो. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "हाऊ रंधा मना बापना शे, इकाना नई." म्हणजे हा रंधा माझ्या बापाचा आहे, विकायचा नाही. मी म्हटलं, बरं बाबा, नुसता बघू द्या. तासभर बसलो, चहा झाला, रिकाम्या हाताने परत आलो. दोन वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, भाऊ तुम्ही विकत मागितला नव्हता म्हणून बाबांनी तुमचं नाव सांगितलंय. त्या रंध्याच्या पेटीची गोष्ट पुढे येईल.

पायरी २: हातात घेतल्यावरची पाच मिनिटं

लोक आधी भाव विचारतात आणि मग वस्तू बघतात. उलटं करा. क्रम असा.

आधी आवाज. दांडा नसलेलं पातं किंवा हातोडीचं डोकं दोरीला अडकवून दुसऱ्या लोखंडाने हलकं वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा आला तर कुठेतरी तडा आहे.

मग तडा शोधा. लोखंडी रंध्याचं शरीर बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं, आणि बीड खाली पडलं की तडकतं, बहुतेक वेळा पात्याच्या खाचेजवळ नाहीतर बाजूच्या भिंतीला. डोळ्याला दिसत नाही. तिथे डिझेल लावा, दोन मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वरून खडू घासा. तडा असेल तर आत गेलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते, तोवर मालकाशी पावसापाण्याचं बोला.

तिसरं, पाणी. कानस धारेच्या अगदी टोकाला, कोपऱ्यात, हलकी ओढा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे, लोण्यासारखी चावली तर पाणी उतरलंय किंवा आधीपासूनच कच्चं आहे. करवतीला ही टेस्ट लावू नका, करवतीचे दाते मुळातच कानशीने घासता येतील एवढेच कडक ठेवलेले असतात. आणि मालकाला विचारून करा हो, न विचारता कानस काढलीत तर तिथेच हिशेब संपला.

चौथं, सुटे भाग. रंध्यात पातं, पात्यावरची दुसरी पट्टी, ती दोन्ही जोडणारा जाड स्क्रू, दाबणारी टोपी, पुढची गोल मूठ, मागचा दांडा, सगळं आहे का मोजा. स्टॅनले कंपनीच्या जुन्या रंध्यांचे बरेचसे आटे (स्क्रूच्या चुड्या) कंपनीचे स्वतःचे असतात, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू सहसा त्याला बसत नाही. दुकानदार म्हणेल बसतो, जोर लावा. जोर लावलात की बिडातले आटे गेले.

पाचवं, पितळ. पितळ म्हणून विकलेल्या वस्तूला चुंबक लावा. चिकटलं तर वरून मुलामा आहे.

*सावधान:* हातोडी किंवा छन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलेलं असेल तर ते तसंच वापरू नका. त्या कडेचा तुकडा उडतो तेव्हा गोळीसारखा उडतो. घेतलीत तर आधी ती कड कानशीने काढा.

पायरी ३: ठसा वाचा, आणि रेल्वेचा असेल तर थांबा

ठसा दिसत नसेल तर घासू नका. टॉर्च आडवा, अगदी पृष्ठभागाला टेकवून धरा, सावली पडते आणि अक्षरं उठून येतात. तरी नाही जमलं तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्याची छाप काढायचो तसं. गंजाच्या आतूनही नाव येतं कधीकधी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे आपल्याकडे जास्तच लागू आहे. हत्यारावर रेल्वेची अक्षरं ठोकलेली असतील तर ते कितीही सुंदर असू दे, आधी कागद मागा. रेल्वे प्रॉपर्टी (अनलॉफुल पझेशन) ॲक्ट, १९६६ नावाचा कायदा आहे, आणि रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सरळ मार्गाने आली हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. लिलावातून सुटलेला माल असेल तर पावती असते, ती किंवा तिची झेरॉक्स घ्या. "माझे सासरे लोको शेडमध्ये होते" ही पावती नाही. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचा ठसा असला तरी हीच काळजी, १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली म्हणून जुना माल बेवारस झाला असं नाही. भुसावळला आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, तेव्हा सरकारी मालावरची बाणाची खूण दिसली की तिथेही तेच. कागद नसेल तर फोटो काढा, नमस्कार करा, निघा.

पायरी ४: वय ठरवा, अंदाजाने नाही, खुणांनी

विकणारा प्रत्येक जण "दीडशे वर्षं जुनं" म्हणतो. मी पुढच्या खुणा बघतो:

पश्चिम जर्मनी असं लिहिलेलं असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलं. शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीने लोखंडी रंधे बनवायला १९३१ साली सुरुवात केली, त्यामुळे सव्वाशे वर्षांचा रेकॉर्डचा रंधा कुणी दाखवला तर हसून खाली ठेवा. पेटीवर किंवा डब्यावर दुकानाचं लेबल असेल तर पत्ता वाचा, पिनकोड असेल तर १९७२ च्या नंतरचं, कारण पिनकोडच त्या वर्षी आला. आणि आपल्यासाठी सगळ्यात गोड खूण म्हणजे "पूर्व खानदेश" किंवा "पश्चिम खानदेश". खानदेशचे हे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले आणि १९६० नंतर जळगाव-धुळे ही नावं आली, म्हणजे त्या पत्त्याचं लेबल साधारण या मधल्या काळातलं. अर्थात दुकानदार जुनी लेबलं संपेपर्यंत वापरतो, पाच-दहा वर्षं इकडेतिकडे धराच.

पाने म्हणजे स्पॅनर, यांच्यात फार लोक चुकतात. पान्यावर १/२ आणि पुढे डब्ल्यू असेल तर तोंड अर्ध्या इंचाचं नसतं. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, जुनं इंग्रजी माप, आणि त्यात तो आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाचा नाही. १/४ डब्ल्यूचा पाना मोजलात तर तोंड तेरा मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त भरतं. एका मित्राने असा अख्खा सेट "तोंड पसरलंय" म्हणून घणाखाली घालून आवळला. चांगले सात पाने होते. हे पाने बहुतेक मेट्रिक मापं रुजायच्या आधीच्या यंत्रांसाठी घेतलेले असतात, जिनिंगच्या जुन्या मशिनींना तेच लागायचे.

*तपासा:* ठसा एक सांगतो, लेबल दुसरं आणि मालक तिसरंच? मग ठशावर विश्वास ठेवा, पण दांडा आणि पातं वेगवेगळ्या काळातलं असू शकतं हे विसरू नका. सुतार दांडे बदलतात, त्यात फसवणूक काही नाही.

पायरी ५: भाव

यात शिकवण्यासारखं थोडंच आहे. भंगाराचा किलोचा भाव त्या दिवशी काय आहे ते माहीत ठेवा, तो तुमचा तळ. नाव वाचता येतं, पाणी आहे, भाग पूर्ण आहेत, या तिन्ही गोष्टींचे पैसे द्या. चकाकीचे देऊ नका, उलट चकाकी दिसली की कमी करा. घरच्या माणसांकडून, खासकरून माणूस गेल्यावर पेटी काढणाऱ्यांकडून घेताना पाडून मागू नका. आणि पावती म्हणून एका चिठ्ठीवर नाव, तारीख, रक्कम, सही घ्या, नंतर कधी प्रश्न आला तर तीच कामाला येते. शंभर वर्षांच्या वरची वस्तू परदेशात विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आडवा येतो, तो आधी बघा.

पायरी ६: घरी आल्यावर पहिला दिवस, हात लावायचा नाही

इथेच सगळे घसरतात. उत्साहात तोच पॉलिश पेपर, तोच ग्राइंडर.

पहिल्या दिवशी फक्त वही. तारीख, गाव, कुणाकडून, किती रुपये, लांबी, वजन, ठशाची पेन्सिलछाप चिकटवलेली, आणि सहा बाजूंनी फोटो. पेटी असेल तर एकेक कप्पा जसाच्या तसा वरून फोटो काढल्याशिवाय काही उचलू नका, आणि पेटीतलं काहीही, अगदी काहीही, पंधरा दिवस फेकू नका.

हे मी का सांगतोय ऐका. पारोळ्याकडची ती पेटी मी आणली, उघडली, त्यात मोडके खिळे, सुतळी, विडीची रिकामी बंडलं आणि एक चुन्याची जुनी डबी. हे सगळं गोळा करून मी भंगारात दिलं. चार दिवसांनी रंधा खोलला तर पातं आणि वरची पट्टी जोडणारा स्क्रू नाही. बाबांच्या मुलाला फोन केला, तो म्हणाला, अहो तो सैल व्हायचा म्हणून बाबा काढून चुन्याच्या डबीत ठेवायचे. स्टॅनलेचाच रंधा, म्हणजे दुकानात मिळणं कठीण. तसाच दुसरा मोडका रंधा हाती लागेपर्यंत दीड वर्ष तो फळीवर बसून होता.

त्याच पेटीच्या झाकणाच्या आत पेन्सिलने मजुरीचा हिशेब होता, रुपये-आणे-पैमध्ये. दशमान पैसे १९५७ ला आले, म्हणजे हिशेब बहुधा त्याआधीचा, आणि पेटी त्याहूनही जुनी. बाबांचा मुलगा म्हणत होता, सर्फने धुऊन देतो ना, घाण दिसतंय.

पायरी ७: गंज काढणं, सौम्य आधी

नियम एकच. सगळ्यात सौम्य उपाय आधी, काम झालं तर तिथेच थांबायचं.

१. *डिझेल आणि कपडा.* पूर्वी रॉकेल वापरायचे, आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं. सगळे भाग सुटे करा, रात्रभर भिजत ठेवा, सकाळी पितळी ब्रश आणि जाड कपड्याने पुसा. निम्म्याहून जास्त हत्यारं इथेच साफ होतात. खाली जो काळपट-तपकिरी रंग राहतो तो गंज नाही, तो लोखंडाचा वयाचा रंग आहे, त्याला हात लावू नका. बोट फिरवून बोटाला लाल लागत नसेल तर काम झालं.

स्क्रू निघत नसेल तर पेचकस खाचेत पूर्ण बसतोय का बघा, लहान पेचकसाने खाच झिजली की संपलं. मग गरम सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर एक-दोन मिनिटं धरा, थंड होऊ द्या, परत डिझेल, परत प्रयत्न. तीनदा करावं लागलं तरी करा.

२. *लिंबूसत.* किराणा दुकानातलं. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात, हत्यार पूर्ण बुडेल एवढं. अर्धं वर राहिलं तर पाण्याच्या रेषेवर कायमचा डाग पडतो. दर तासाने काढून बघा. रात्रभर विसरलात तर चांगलं पोलादही खरबरीत राखाडी होतं आणि बारीक ठसा उथळ होतो. लाकूड, पितळ आणि मुलाम्याचे भाग यात घालायचे नाहीत. काढल्यावर साध्या पाण्याने, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा आणि तेल लावा. लगेच म्हणजे लगेच, फोन आला तरी उचलू नका, ओल्या लोखंडावर पाच मिनिटांत केशरी गंज येतो. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन इथे कामाला येतं, पत्र्यावर ठेवलं की दोन मिनिटांत खणखणीत. जुलैमध्ये हे काम करू नका.

३. *बॅटरी चार्जरची पद्धत.* गंज फार जाड असेल आणि ठसा त्याच्या खाली दबला असेल तर ही. प्लास्टिकची बादली, पाणी, चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि बारा व्होल्टचा जुना चार्जर. हत्याराला निगेटिव्ह वायर, आणि साध्या लोखंडाच्या सळईला पॉझिटिव्ह, दोघं एकमेकांना टेकता कामा नयेत. वायर उलटी लावलीत तर गंज जाण्याऐवजी हत्यारच जाईल. काही तासांत वरचा थर काळ्या चिखलासारखा सुटतो आणि खालचं लोखंड झिजत नाही, हाच याचा फायदा.

*सावधान:* सळई स्टेनलेसची घेऊ नका, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून अंगणात, विडी-काडी लांब, पोरंबाळं लांब. हात घालायच्या आधी चार्जर बंद, प्लग बाहेर.

संडास साफ करायचं ॲसिड वापरणारे लोक आहेत, मला माहितीये. फेस येतो, पाच मिनिटांत पांढरं होतं, छान वाटतं. त्या ॲसिडने पोलादाला खड्डे पडतात, कडक पातं आतून ठिसूळ होऊ शकतं, आणि त्याच्या वाफेने त्या खोलीतली बाकीची सगळी हत्यारं आठवडाभरात गंजतात. नको.

करवतीचं वेगळं. जुन्या चांगल्या करवतीच्या पात्यावर कंपनीचं चित्र आणि नाव ॲसिडने कोरलेलं असतं, ठोकलेलं नसतं, म्हणजे ते कागदाएवढं उथळ आहे. तिथे बारीक पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तेलासोबत हलक्या हाताने फिरवा, बोटाने दाबून घासू नका. बोट खोलगट जागेत शिरतं, ठोकळा शिरत नाही.

पायरी ८: धार, हाताने

गंज पूर्ण निघाल्यावरच धार. आधी पात्याची सपाट पाठ. जाड काचेवर ओला पॉलिश पेपर, २२० नंबरपासून १००० पर्यंत, पाठीचा टोकाकडचा इंचभर भाग सपाट होईपर्यंत. ही पायरी गाळून लोक नुसता उतार, म्हणजे धारेची तिरकी बाजू, घासत बसतात आणि मग म्हणतात, जुन्या पोलादात दम नाही. पाठ झाल्यावर उतार, रंध्याला आणि पटाशीला साधारण पंचवीस अंश.

टोक तुटलेलं असेल आणि ग्राइंडर लावावाच लागला तर दोन सेकंद लावा आणि पाण्यात बुडवा, परत दोन सेकंद. बोटांना चटका बसला म्हणजे उशीर झाला. साध्या पोलादाला आधी फिकट पिवळा रंग येतो आणि तीनशे अंशाच्या आसपास निळा. निळा दिसला की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, आणि तो भाग पूर्ण झिजवून मागे जाण्याशिवाय उपाय नाही.

पायरी ९: दांडा आणि मूठ

जुना दांडा टिकवता आला तर टिकवा, तडकलेला असला तरी फेव्हिकॉल आणि दोरी बांधून पुष्कळ वाचतात. शिसवाच्या मुठी तर फेकायच्याच नाहीत. नवाच लागला तर बाभूळ किंवा धावडा, आणि लाकडाची रेष दांड्याच्या लांबीने सरळ जाणारी हवी, आडवी गेली तर पहिल्या दणक्याला मोडतो.

एप्रिल-मेमध्ये हातोडीचं डोकं हलायला लागतं, कारण आपल्या उन्हात लाकूड आकसतं. लोक काय करतात, हातोडी बादलीत टाकतात. फुगून घट्ट बसते खरी, पण लाकडाचे तंतू लोखंडाच्या आत चिरडले जातात आणि सुकल्यावर आधीपेक्षा जास्त सैल होते. पाण्याऐवजी जवसाच्या तेलात डोक्याकडची बाजू दोन-तीन दिवस उभी ठेवा. आणि नवी पाचर मारायची तर उन्हाळ्यात, लाकूड पूर्ण सुकलेलं असताना मारा. पावसाळ्यात मारलेली पाचर मे महिन्यात निसटते.

*सावधान:* जवसाचं तेल पुसलेला कपडा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तो हवेत सुकताना स्वतःच तापतो आणि पेट घेऊ शकतो, आणि आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात आधीच भट्टी असते. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

पायरी १०: पेटी

लाकडी पेटी घरात न्यायच्या आधी पंधरा दिवस बाहेर पडवीत, पांढऱ्या कागदावर ठेवा. कागदावर रोज बारीक भुसा पडत असेल तर भुंगा जिवंत आहे. बाजारातलं कीडनाशक छिद्रांत सुईने सोडा, हातमोजे घालून, आणि पुन्हा पंधरा दिवस कागद. भर उन्हात वाळवायला ठेवू नका, तळाची फळी फाटते.

ऑइलपेंट नको. आतला कागद, नावं, हिशेब, चिकटवलेलं विश्वकर्माचं चित्र, काही काढायचं नाही. बाहेरून किंचित ओल्या कपड्याने पुसून, वाळल्यावर मेणाचा एक हात, बस. बिजागरीचे खाचेवाले स्क्रू काढून स्टारचे बसवले की पेटी कालची दिसते, जुनेच साफ करून लावा.

पत्र्याच्या पेटीला जुना रंग असेल तर कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असायचं आणि ती धूळ नाकात जाते. रंग सुटत असेल तर ओलं करून तेवढाच काढा, बाकीचा राहू द्या. आतून तळाला गंज असतो, तिथे डिझेल आणि कपडा.

पायरी ११: ठेवणं

हिवाळा-उन्हाळ्यात आपल्याकडे हवा एवढी कोरडी असते की काही करावं लागत नाही, खरी परीक्षा मृगापासून चार महिने. तेल म्हणून शिलाई मशीनचं तेल पातळ लावा. खोबरेल, शेंगदाण्याचं किंवा सरकीचं लावू नका. घरात डबा भरलेला असतो म्हणून सरकीचं लावतात, आणि सहा महिन्यांनी ते चिकट पिवळं होऊन धुळीसकट बसतं, काढायला परत डिझेल.

प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम सुटतो. तेल लावलेल्या सुती कपड्यात, धोतराचा जुना तुकडा एक नंबर. पेटी जमिनीवर नको, दोन विटांवर, आणि भिंतीपासून चार बोटं लांब. वर लटकवत असाल तर खिळा आणि धार यांच्यामध्ये अंतर ठेवा. पोळ्याला एकदा आणि दसऱ्याला एकदा सगळं उघडून बघा. दसऱ्याला तसंही बाहेर काढावंच लागतं. पूजा झाल्यावर हळदकुंकू पुसायला विसरू नका, हळद ओल धरते आणि बरोबर टिळ्याच्या आकाराचा गंज येतो, माझ्या दोन पटाश्यांवर आहे तो.